राणीच्या नाटकाची वही

ये गो नलू, इकडे ये अशी. दारात उभी राहू नकोस, हा पाट घे नि माझ्याजवळ सरकून बस. काय गो, ही काय रीत झाली? शेजारच्या आळीत हळदीकुंकवाला जायचं असलं तरी तू मला तीनदा सांगायचीस, "वयनी, मी जाते हां, ब्रश धुवून ठेवलेत." आणि आता एवढं लांबचं जाणं, ते मला तुझ्या भावाच्या फोनवरून कळावं? चहाला आधण ठेवलं होतं मी. ते आटून भांडं करपलं तरी मी तिथंच उभी.

बघ, सुरुवात मी रागावण्यानेच केली. जुनी खोड. चूक माझी असली की मी आधी समोरच्यावर ओरडून घेते, म्हणजे त्याला माझ्याकडे बघायला फुरसत होत नाही. तुला हे पक्कं ठाऊक होतं. मी ओरडायला लागले की तू ब्रशाचं टोक ओठांत धरायचीस नि डोळ्यांनी हसायचीस.

तर आता सरळ सांगते. तुझी ती वही तू हरवली नव्हतीस. ती मी घेतली होती.

थांब, उठू नकोस. सगळं सांगून होऊ दे. तुला माहीत असलेलंही पुन्हा सांगणार आहे, कारण हे मी लिहून ठेवतेय, आरू मोठी झाली की वाचेल, आणि तिला अर्धवट काही मिळू नये. अर्धवटपणानेच तर सगळं झालं.

पेणजवळच्या आपल्या जोहे गावातल्या कारखान्यात कागदाच्या लगद्याचे गणपती करायला घेतले, तेव्हापासून रद्दीची पोती यायला लागली. बायका कागद फाडायच्या, ड्रममध्ये भिजत घालायच्या, चार दिवसांनी तो मऊ झाला की डिंक नि पांढरी पावडर घालून मळायचा आणि साच्यात दाबायचा. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं ओळखायला शिकले ती माझ्या मुलाच्या पाटीवरून, पण वाचायला शिकले ते या पोत्यांवर बसून. आधी मोठ्या ठळक बातम्या, मग लग्नपत्रिका, मग औषधाच्या जाहिराती, मग पुस्तकं. आमचे हे म्हणायचे, "हिला रद्दी फाडायला बसवली तर ही परीक्षा देऊन उठेल." मला ते आवडायचं. वाचता येतं हे माझं एकटीचं होतं, कोणी दिलेलं नव्हतं.

त्या पोत्यांत जुन्या कवितांची पुस्तकं यायची, जुनी नाटकं यायची. कोणाचं कव्हर गेलेलं, कोणाला वाळवी, कोणाची शेवटची पानंच नाहीत. ती मी बाजूला काढून साच्यांच्या फळीवर ठेवायचे. आरू चार वर्षांची झाली तेव्हा मी तिला त्यातलं वाचून दाखवायला लागले. आरू म्हणजे माझी नात आरोही. तिचे आईबाप वरसे गावात राहतात, दोघंही रोह्याला कंपनीत, दोघांच्या शिफ्ट एकमेकींच्या उलट्या, म्हणून पोर माझ्याकडे. गावातल्या बायका म्हणायच्या, "एवढ्याशा पोराला ते जुनं जड काय समजणार?" तेव्हा तूच त्यांना म्हणाली होतीस, "नाय समजलं तर नाय समजलं. समजायला सगळा जन्म हाय. आधी कानाला गोड तर लागू दे."

तू आमच्याकडे डोळ्यांच्या आखणीला यायचीस. लगदा मळणारे पुष्कळ मिळतात, रंग मारणारे मिळतात, पण डोळे करणारा हात एखादाच. रामवाडीहून सकाळच्या एसटीने यायचीस, हात धुवायचीस, पदर खोचायचीस आणि मग कोणाशी बोलायची नाहीस. तुझी एक रीत होती. तू मनात कवितेची एक ओळ म्हणायचीस आणि ती संपेपर्यंत एका श्वासात पापणीची रेघ ओढायचीस. एक ओळ, एक रेघ. ही तुझी रीत आरूने हेरली. तिने विचारलं, "नलूआजी, ओठ का हलतात तुझे?" तू म्हणालीस, "बस इथं. आता तू म्हण मोठ्यानं, मी रेघ काढते. पण मधे अडखळलीस तर देवाची पापणी वाकडी, सांगून ठेवते."

आणि पोर बादली पालथी घालून तुझ्यासमोर बसली. अडखळणार कशी? देवाचा डोळा तिच्या जिभेवर होता. मी वाचायचे ते खड्ड्यातून गाडी गेल्यासारखं, शब्द धरत, सोडत. तुझ्या ब्रशापुढे तीच ओळ आरू अशी म्हणायची की ड्रमजवळच्या बायका हात थांबवायच्या. त्या वर्षी कितीतरी घरांतले गणपती आरूच्या आवाजावर डोळे उघडून बसले. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आज म्हणते. फार मोठं देणं होतं गो ते, आणि तू ते काम करता करता दिलंस.

तेव्हा मात्र मला बोचायचं. पुस्तकं मी वेचलेली, नात माझी, आणि पोर शाळेतून आली की दप्तर माझ्या अंगावर टाकून तुझ्याकडे पळायची.

मग ते राणीचं नाटक निघालं. राजा रागाच्या भरात राणीला नदीपलीकडे धाडतो, पुढे त्याला आपली चूक कळते आणि तो तिला आणायला निघतो. इथवर पुस्तक होतं. पुढची पानं फाटलेली. आरूने विचारलं, "मग?" मी काय करणार? मी म्हटलं, राजाने हात जोडले, राणी नावेत बसली, दोघं परत आली आणि गावभर बुंदीचे लाडू वाटले. आरूला हा शेवट एवढा आवडला की न रंगवलेल्या गणपतींची रांग म्हणजे दरबार, आणि ती सगळ्यांना खोटे लाडू वाटत फिरायची.

तिसऱ्या दिवशी जेवताना तू म्हणालीस, "वयनी, तसा शेवट नाय त्याचा."

"तुला काय म्हायत? पानंच नायत."

"माझा बापूस रोह्याला नाटकात पडद्यामागून सांगायला असायचा. लहानपणी मी त्याच्याशेजारी बसून बघितलंय. राणी परत येत नाय."

"पोर चार-पाच वर्षांची हाय, नलू. मी शेवटी लाडू वाटते, तुझं काय जातं त्यात?"

"वाटा ना. पण नाटक संपल्यावर वाटा."

यावर आपण दोन वर्षं भांडलो असू. तू म्हणायचीस, पोरांना रडू आलेलं चालतं, फसवलेलं चालत नाय. मी म्हणायचे, रडायला पुढं आयुष्य पडलंय, त्यासाठी नाटक कशाला? तू जिंकायचीस आणि मी तुला मासळीचं कालवण जास्त वाढायचे. मला वाटायचं, हे भांडण म्हणजे आपली करमणूक आहे. तुझ्यासाठी ते तसं नव्हतं, हे मला वही आली तेव्हा कळलं.

सुट्टीच्या दिवशी तू पेणच्या वाचनालयात जाऊन बसायला लागलीस. तिथं ते नाटक सबंध सापडलं, पण पुस्तक इतकं जुनं की घरी देईनात. मग तू सगळा शेवटचा अंक शाळेच्या वहीत उतरवलास. खाकी कव्हर घातलंस. आणि समासात, प्रत्येक बोलण्यापाशी, त्या माणसाचे डोळे काढलेस. नुसते डोळे. राजाचे खाली गेलेले, नावाड्याचे बारीक केलेले, आठवणीतल्या राणीचे मोठे. मी विचारलं हे काय, तर म्हणालीस, "वाक्य कसं बोलायचं ते लिहून कळत नाय, वयनी. डोळे बघितले की पोरगी आपसूक तसं बोलेल."

एवढं सुंदर काम मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. आणि मी म्हटलं, "एवढा वेळ असतो होय तुला?"

त्या दुपारी जेवणं झाल्यावर तू आरूला तो अंक वाचून दाखवलास. सगळ्या बायका ऐकत होत्या. मी मुद्दाम भांडी घासत बसले, आवाज करत. तुझं वाचून संपलं. आरू उठली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "आजी, तू मला खोटा शेवट सांगितलास."

ड्रमवरची सुगंधा म्हणाली, "वयनींनी राजालासुदीक गंडवला गो." सगळ्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. मीही हसले. तू हसली नव्हतीस, तू माझ्याकडे बघत होतीस, आणि तेच मला सोसलं नाही. वाचायला शिकलेली ही बाई खोटं वाचते, असं मला माझ्याच घरात कोणी म्हणालं नव्हतं. पोर खरंच बोलली होती, म्हणून तर जास्त लागलं.

संध्याकाळी सगळ्या गेल्या. तू वही आरूसाठी फळीवर ठेवून गेली होतीस. मी ती उचलली. खोटं कशाला सांगू, भान सुटलं होतं असंही काही नाही. रद्दी फाडतो तशी फाडली, आधी उभी, मग आडवी, हातांना सवय. ड्रममध्ये टाकली. कागद लगेच बुडत नाही. तुकडे तरंगत वर आले, आणि त्यातल्या कितींवर तरी तू काढलेले डोळे होते. मी काठी घेऊन ते दाबले. एक दाबला की दुसरा वर यायचा.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "वयनी, वही बघितलीत काय?"

इथं तरी मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "काल तूच नाय का पिशवीत घालून नेलीस?" आणि इतकं ठामपणे म्हटलं की तू दचकलीस.

"व्हय? मी नेली?"

"माझ्या डोळ्यांदेखत नेलीस."

"असंल," तू म्हणालीस. माझ्या शब्दावर तुझा एवढा विश्वास की स्वतःच्या आठवणीवर तू तो ठेवला नाहीस. रामवाडीच्या घरातले डबे उपसलेस, एसटी स्टँडवर जाऊन विचारलंस, कंडक्टरला विचारलंस. आठवड्याने म्हणालीस, "माझं डोकं चालत नाय हल्ली." मग तू प्रत्येक गोष्ट दोनदा बघायला लागलीस. रंगाच्या वाटीला झाकण लावलं का, गॅस बंद केला का, आज कोणता वार. आणि एके दिवशी एका मूर्तीचा डावा डोळा उजव्यापेक्षा दोऱ्याएवढा खाली आला. कोणालाही दिसला नसता. तुला दिसला. तू ब्रश धुतलास, पुसलास नि म्हणालीस, "आपण काय कुठं ठेवलं ते जिला आठवत नाय, तिनं देवाचे डोळे करू नयेत, वयनी."

माझं एक वाक्य लागलं असतं. एकच. ड्रमकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. तू मला चार शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलली नसतीस, आणि तुझा हात तुझ्याकडे राहिला असता. मी त्याऐवजी तुला ओल्या नारळाच्या वड्या बांधून दिल्या आणि म्हटलं, तब्येतीला जप. तू माझ्या पाया पडलीस. तुझ्या डोक्यावर मी हात ठेवला तो हाच.

काम सोडून तू रोह्याला भावाकडे राहायला गेलीस, तिथून फोन करायचीस. "वयनी, आरूला घेऊन एकदा या ना." मी म्हणायचे, सीझन आहे. मग म्हटलं दिवाळी आहे. मग म्हटलं पोरीची परीक्षा आहे, दुसरीतल्या पोरीची. पेण ते रोहा अंतर किती? एसटीत वाटेतल्या नागोठण्यापर्यंत नीट डुलकीसुद्धा लागत नाही. दर महिन्याला मुलाकडे वरसेला येत होते मी. तिथून तुझ्या भावाचं घर चालत जाण्याएवढं. मी रिक्षात बसून तोंड दुसरीकडे करायचे.

तुझ्या दहाव्याला मात्र आले. मेलेल्या माणसाला तोंड दाखवायला धीर लागत नाही. नदीवर पिंड ठेवले आणि आपण सगळे मागे सरून उभे राहिलो. बघ, आपण म्हटलं मी. तू तिथं होतीस असंच मला वाटत होतं. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, एक खाली येईना. तुझ्या भावाने हात जोडून म्हटलं, घराची काळजी करू नको. भाच्याने म्हटलं, आत्या, मी दारू पिणार नाय. कोणी काय, कोणी काय. कावळा हलेना. मग तुझी भावजय माझ्या कानाशी म्हणाली, "शेवटपर्यंत पिशवी उपसायच्या त्या. वही, वही म्हणायच्या. कसली वही, तुम्हाला काय म्हायत?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

भाऊ मोठ्याने म्हणाला, "ताई, वही शोधतो गो तुझी." कावळा तरी आला नाही. का आला नाही ते त्या घाटावर मला एकटीला ठाऊक होतं. तिथं तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते, आणि मी पदराने तोंड झाकून उभी राहिले. लोकांना वाटलं रडते आहे. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तुझी इच्छा गवताच्या कावळ्यावर भागवली आम्ही.

घरी आल्यावर आरू आणि मी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. ती सात वर्षांची आहे आता. सालं काढता काढता मी तिला सांगितलं. सगळं, आता तुला सांगितलं तसंच. तिने हातातला वाल खाली ठेवला.

"फाडलीस?"

"व्हय."

"डोळ्यांसकट?"

"व्हय गो."

तिने ताटातली सालं एका कडेला लोटली. मग म्हणाली, "नलूआजीला म्हायत हाय?"

"नाय."

"मग तिला सांग."

"अगो, ती गेली. आता कशी सांगू?"

"तरी सांग. राजा नाय काय सांगत?"

मला कळेना ती काय म्हणते. त्या दुपारी मी भांड्यांचा आवाज करत बसले होते, तो शेवट माझ्या कानात शिरलाच नव्हता. मी म्हटलं, मला म्हायत नाय शेवट. तेव्हा पोर उठून उभी राहिली आणि तिने तो म्हणून दाखवला. एकदाच ऐकलेला अंक, काही तुकडे गळलेले, पण शेवट सबंध होता. राजा पलीकडच्या काठाला उतरतो तेव्हा झोपडी रिकामी असते, राणी पावसाळ्याआधीच वारलेली असते. नावाडी विचारतो, महाराज, परत न्यायचं का? राजा म्हणतो, थांब जरा, मला तिला सांगायचं आहे.

आणि नलू, हे म्हणताना आरूचे डोळे खाली गेले. तू समासात काढले होतेस अगदी तसे. वही मी बुडवली, पण ते डोळे पोरीच्या चेहऱ्यावर उमटून राहिलेत. मी वाल तसेच टाकून उठले.

तेव्हापासून आरू माझ्याशी बोलते ते कामापुरतं. भूक लागली, दप्तर कुठंय, एवढंच. कविता म्हणते, पण मी खोलीत आले की थांबते. मी तिला काही म्हणत नाही. लाडू तर नाहीच वाटले.

त्या ड्रमातल्या लगद्याच्या मूर्ती कधीच टेंपोत भरून गेल्या. सोंडेला तडा गेलेली एक तेवढी फळीवर राहिली होती, डोळे न केलेली. आरूने ती खाली उतरवून पुसली आहे आणि तुझ्या जागी ठेवली आहे. सुगंधाने विचारलं, "मी करू काय डोळे?" आरू म्हणाली, नको.

माझं एवढंच सांगायचं होतं. तुझं डोकं चांगलं होतं गो, शेवटपर्यंत लख्ख होतं. डोळा खाली आला तो मी आणला. माफ कर असं म्हणायला जीभ रेटत नाही, तेव्हा ते तू ठरव.

पण ये. परसदारी वळचणीवर रोज एक कावळा येऊन बसतो, त्याला मी भात ठेवते आणि लांब उभी राहते, तो खात नाही. तू माझ्यावर ओरडायला ये, नाहीतर माझ्याशी न बोलता नुसती आरूची ओळ ऐकायला ये. शाळेतून आल्यावर ती बादली पालथी घालून त्या मूर्तीसमोर बसते. ब्रश धुवून ठेवलेत. लवकर ये.